‘प्रामाणिक’ एक, इंग्रजी शब्द अनेक

(तृतीय वर्ष कला, इंग्रजी)

इंग्रजीचा उतारा मराठीत सांगायची वेळ आली की ऑनेस्ट, ट्रुथफुल, सिन्सिअर, फ्रँक, कॅन्डिड हे सगळे शब्द आपण एकाच खुंटीला टांगून मोकळे होतो. ती खुंटी म्हणजे ‘प्रामाणिक’. उत्तरपत्रिकेत हे खपून जाते, कारण वाक्याचा ढोबळ अर्थ लागतो. परंतु मराठीतून पुन्हा इंग्रजीत जाण्याची पाळी आली की फजिती होते. पाच शब्दांतला कोणता कोठे घ्यायचा, हे कळत नाही.

पाच माणसे डोळ्यांसमोर आणू या. एक दुकानदार, जो हिशेबात चुकून जास्त आलेली शंभराची नोट हाक मारून परत करतो. एक साक्षीदार, जो डोळ्यांनी पाहिले तेवढेच कोर्टात सांगतो. एक मैत्रीण, जिला आपल्या यशाचा मनातून आनंद होतो. एक काका, जे लग्नाच्या बैठकीत ‘हे स्थळ मला पसंत नाही’ असे सर्वांसमोर बोलून टाकतात. आणि एक अधिकारी, ज्याची सही कोणत्याही दडपणाने इकडची तिकडे होत नाही. मराठीत आपण पाचांनाही प्रामाणिक म्हणू. इंग्रजीत मात्र दुकानदार ऑनेस्ट, साक्षीदार ट्रुथफुल, मैत्रीण सिन्सिअर, काका फ्रँक आणि अधिकारी ‘अ मॅन ऑफ इंटेग्रिटी’ ठरतो. प्रत्येक शब्दाची कसोटी वेगळी आहे. एका कसोटीला उतरलेला माणूस दुसरीला उतरेलच असे नाही, हाच या लेखाचा विषय.

आरंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठी या बाबतीत दरिद्री आहे असे मुळीच नाही. सचोटी, इमान, नेकी, निष्कपट, निखालस, दिलखुलास, मनमोकळा, स्पष्टवक्ता, सरळमार्गी असे शब्दांचे भांडार आपल्यापाशी आहे. भाषांतर करताना आपला हात पहिल्या फडताळाच्या पुढे जात नाही, एवढेच.

ऑनेस्ट : अब्रूकडून सचोटीकडे

‘ऑनेस्ट’ची आणि आपली पहिली भेट शाळेत ‘अ’ की ‘अ‍ॅन’ या प्रश्नात होते. लिहिताना आरंभी एच आहे, उच्चारात तो नाही. म्हणून ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’. हा मुका एच शब्दाच्या प्रवासाची खूण आहे. लॅटिनमधील ‘होनेस्तुस’ हा शब्द जुन्या फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. तो ‘ऑनर’ या शब्दाच्या घराण्यातला. म्हणून त्याचा मूळ अर्थ मानाचा, प्रतिष्ठित, अब्रूदार असा होता. अब्रू ही चार लोकांनी द्यायची गोष्ट. पुढे हळूहळू शब्द आत वळला आणि लोक काय म्हणतात यापेक्षा माणूस व्यवहारात कसा वागतो याकडे त्याचा रोख गेला. गंमत अशी की आपला ‘प्रामाणिक’ही बाहेरूनच आत आला आहे. त्याचे मूळ ‘प्रमाण’, म्हणजे माप किंवा पुरावा. जे प्रमाणाला धरून आहे ते प्रामाणिक.

शब्दाचा जुना आणि नवा अर्थ एकत्र नांदत असताना काय घडू शकते, हे शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात (सुमारे १६०३-०४) पाहावे. या एका नाटकात ऑनेस्ट आणि ऑनेस्टी हे शब्द पन्नासएक वेळा येतात. समीक्षक विल्यम एम्पसन यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात या एकाच शब्दावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. नाटकातला खलपुरुष इयागो. त्याला ऑथेल्लो ऑनेस्ट म्हणतो, कॅसिओ म्हणतो, डेस्डिमोनाही म्हणते. त्या काळी वरच्या दर्जाचा माणूस हाताखालच्या माणसाला हा शब्द लावी, तेव्हा त्यात ‘आपला इमानी गडी’ अशी किंचित पाठ थोपटण्याची छटा असे. स्त्रीला तोच शब्द लावला की अर्थ पार बदले. ऑनेस्ट स्त्री म्हणजे शीलवती. आता नाटकाचे दुर्दैव पाहा. इयागोची ऑनेस्टी कोणी तपासून पाहत नाही आणि डेस्डिमोनाची ऑनेस्टी मात्र एका हातरुमालावरून संशयात सापडते. ज्याची कसोटी घ्यायला हवी होती तो सुटला, आणि जिच्यावर विश्वास ठेवायला हवा होता ती बळी गेली.

हे नाटक मराठीत लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे आणि देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. या शब्दाची अडचण कोणत्याही मराठी भाषांतरकाराला चुकत नाही. पुरुषाच्या बाबतीत ‘इमानी’ आणि स्त्रीच्या बाबतीत ‘पतिव्रता’ असे दोन शब्द मराठीत घ्यावे लागतात. ते घेतले की अर्थ नीट पोहोचतो, परंतु एकाच शब्दाने दोघांना तोलण्यातली बोच बोथट होते.

आजच्या इंग्रजीत ऑनेस्ट हा या सगळ्या कुटुंबातला कर्ता शब्द आहे. पैसा, वस्तू, वचन, हिशेब यांत फसवणूक न करणे हा त्याचा गाभा. ‘ऑनेस्ट मिस्टेक’ म्हणजे फसवण्याचा हेतू नसताना झालेली चूक. तिला ‘प्रामाणिक चूक’ म्हणण्यापेक्षा ‘अनवधानाने झालेली चूक’ म्हणणे मराठीच्या अंगाला अधिक बसते. सुविचाराच्या फळ्यावर हमखास येणारे ‘ऑनेस्टी इज द बेस्ट पॉलिसी’ हे वाक्यही जरा तपासून पाहावे. पॉलिसी म्हणजे फायद्याचा विचार करून आखलेले धोरण. डब्लिनचे आर्चबिशप रिचर्ड व्हेटली (१७८७-१८६३) यांनी यावर नेमके बोट ठेवले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की हे धोरण उत्तम खरे; पण जो केवळ धोरण म्हणून ऑनेस्ट राहतो, तो ऑनेस्ट नव्हेच. फायदा संपला की त्याची ऑनेस्टीही संपेल.

ट्रू आणि ट्रुथफुल

‘ट्रू’ हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला आहे आणि त्याचा पहिला अर्थ ‘खरे’ असा नसून ‘एकनिष्ठ’ असा आहे. ‘ट्रू फ्रेंड’ म्हणताना तोच अर्थ आजही जिवंत असतो. वाङ्निश्चयासाठी असलेला ‘बिट्रोथल’ आणि युद्धविरामासाठी असलेला ‘ट्रूस’ हे त्याचेच नातलग. दोहोंत वचन पाळण्याची कल्पना आहे. आपला ‘सत्य’ मात्र ‘सत्’पासून, म्हणजे ‘जे आहे’ त्यापासून निघाला. मौज अशी की या ‘सत्’चा एक सख्खा भाऊ इंग्रजीत होता. तो म्हणजे ‘सूथ’. ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरला सावध करणारा भविष्यवेत्ता ‘सूथसेयर’ आहे. शब्दशः पाहिले तर सत्य सांगणारा. तो एकटा शब्द तेवढा उरला, बाकी सूथ मागे पडला आणि त्याची जागा ट्रूने घेतली.

ट्रुथफुल हे विशेषण बोललेल्या किंवा लिहिलेल्या गोष्टीपुरते पाहते. विधान वस्तुस्थितीला धरून आहे की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. म्हणून एक मोठी पळवाट राहते. परीक्षेत शेजाऱ्याची उत्तरपत्रिका पाहून लिहिणारा विद्यार्थी ‘मी पुस्तकाला हातही लावला नाही’ असे म्हणाला, तर त्याचे वाक्य अक्षरशः खरे आहे. ते विधान ट्रुथफुल म्हणता येईल, तो विद्यार्थी ऑनेस्ट म्हणता येणार नाही. खरे बोलूनही फसवता येते, हे ज्याला कळले त्याला या दोन शब्दांतला फरक कळला.

सिन्सिअर : शब्द एक, देश दोन

लॅटिन ‘सिन्सेरुस’ म्हणजे स्वच्छ, निर्भेळ. या शब्दाविषयी एक कथा फार सांगितली जाते. रोमन मूर्तिकार संगमरवराच्या भेगा मेणाने बुजवीत. ज्या मूर्तीत मेण नाही ती ‘सिने सेरा’, म्हणजे ‘मेणाविना’, आणि त्यावरून सिन्सिअर. कथा गोड आहे, भाषणात टाळ्याही घेते. पण व्युत्पत्तीचे कोश तिला मान्यता देत नाहीत. प्रामाणिकपणाच्या शब्दाविषयी तरी खोटी व्युत्पत्ती सांगू नये!

सिन्सिअरची कसोटी मनाशी आहे. आत जी भावना आहे तीच बाहेर दाखवणे म्हणजे सिन्सिअर असणे. म्हणून क्षमायाचना, आभार, सहानुभूती, श्रद्धा यांच्याशी हा शब्द जुळतो. यातच त्याची मर्यादाही आहे. माणूस अगदी मनापासून चुकीच्या गोष्टीवर विश्वास ठेवू शकतो. अंगारा देणारा मांत्रिक स्वतःच त्या अंगाऱ्यावर विश्वास ठेवीत असेल, तर तो सिन्सिअर आहे. त्यामुळे अंगारा औषध ठरत नाही. लायोनेल ट्रिलिंग या अमेरिकन समीक्षकाने ‘सिन्सेरिटी अँड ऑथेन्टिसिटी’ (१९७२) या ग्रंथात या एका कल्पनेचा युरोपीय साहित्यातील चढउतार मांडला आहे. इंग्रजी विशेष घेणाऱ्यांनी तो जरूर चाळावा.

आपल्याकडे मात्र या शब्दाने वेगळाच संसार थाटला आहे. ‘मुलगा सिन्सिअर आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा तो वेळेवर येतो, तास बुडवत नाही, नेमून दिलेला अभ्यास करतो, असे सुचवायचे असते. दाखल्यांवर आणि शिफारसपत्रांवर ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ ही जोडी ठरलेलीच. इंग्लंडमधल्या वाचकाला यातला सिन्सिअर बुचकळ्यात टाकील. त्याच्या मनात प्रश्न येईल की हा विद्यार्थी कोणती भावना मनापासून बाळगतो? आपल्या अर्थासाठी तेथे ‘डिलिजंट’ किंवा ‘कॉन्शिएन्शस’ हे शब्द आहेत. भारतीय इंग्रजीतला आपला अर्थ चुकीचाच म्हणावा असे नाही. भाषा गाव बदलते तशी वेशही बदलते. परदेशी विद्यापीठाला पत्र लिहिताना मात्र हा फरक ध्यानात असावा.

पत्राच्या शेवटची ‘युअर्स सिन्सिअरली’ आणि ‘युअर्स फेथफुली’ ही जोडी तर निव्वळ शिष्टाचाराची. आरंभी नाव घातले असेल तर सिन्सिअरली, नुसते ‘डिअर सर’ असेल तर फेथफुली, हा ब्रिटिश पत्रलेखनाचा नियम. भांडणाच्या पत्राखालीही आपण ‘आपला विश्वासू’ लिहितोच की!

फ्रँक आणि कॅन्डिड : मोकळा आणि उजळ

‘फ्रँक’ हा शब्द एका जमातीच्या नावावरून आला. फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांनी पाचव्या शतकाच्या अखेरीस गॉल देश, म्हणजे आजच्या फ्रान्सचा मुलूख, जिंकला. त्या राज्यात पूर्ण स्वातंत्र्य काय ते जेत्यांना. त्यामुळे ‘फ्रँक’ म्हणजे स्वतंत्र, आणि त्यावरून बंधनाविना बोलणारा. टपालाचे ‘फ्रँकिंग’ही याच ‘मुक्त’ अर्थावरून आले. मराठी वाचकाला अधिक गंमत वाटेल ती पुढे आहे. याच फ्रँक लोकांच्या नावाचे अरबी-फारसीत रूप झाले आणि तेथून आपल्याकडे ‘फिरंगी’ आला. फ्रँक आणि फिरंगी ही एकाच घरची भावंडे! एकाला मोकळेपणाचा मान मिळाला, दुसऱ्याच्या वाट्याला परकेपणा आला. आपल्या ‘मोकळा’ शब्दाची घडणही अशीच आहे. सुटलेला तो मोकळा, आणि मनात काही न ठेवता बोलणाराही मोकळाच.

‘कॅन्डिड’ लॅटिन ‘कान्दिदुस’पासून, म्हणजे शुभ्र, चकचकीत यापासून आला. या धातूचे आपल्या ‘चंद्र’ शब्दाशी नाते आहे. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे खडूने पांढरा केलेला झगा घालून मते मागत. म्हणून ते ‘कॅन्डिडेट’. आपल्याकडचा ‘उमेदवार’ हा उमेद बाळगणारा, रोममधला शुभ्रवस्त्रधारी. शुभ्र वस्त्रांचा हा रिवाज आपल्याकडेही अनोळखी नाही. वस्त्राइतके अंतरंग शुभ्र असावे ही अपेक्षा दोन हजार वर्षांत फारशी पुरी झालेली नाही, इतकेच. मराठीत ‘धुतल्या तांदळासारखा’ आणि ‘उजळ माथ्याने’ हे वाक्प्रचार याच कल्पनेतून आले आहेत.

या दोन शब्दांतला फरक बारीक आहे. फ्रँक माणूस आपले मत आडपडदा न ठेवता सांगतो. कॅन्डिड माणूस त्यापुढे जाऊन स्वतःच्या बाजूला अडचणीची असलेली गोष्टही लपवत नाही. मित्राला त्याचा दोष सांगणे फ्रँक झाले. त्याच बैठकीत आपलाही दोष कबूल करणे कॅन्डिड झाले. अठराव्या शतकात तर कॅन्डिड म्हणजे निर्मत्सर, दुसऱ्याचे चांगले तेवढे पाहणारा असा अर्थ होता. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) मध्ये थोरल्या जेनच्या स्वभावाविषयी ‘कॅन्डर’ हा शब्द येतो, तो या जुन्या अर्थाने. आजचा अर्थ मनात धरून तो भाग वाचला तर गोंधळ उडतो. आजकाल लग्नातल्या छायाचित्रकारांमुळे ‘कॅन्डिड’ घरोघरी पोहोचला आहे. नकळत टिपलेले चित्र ते कॅन्डिड. पण ‘जरा कॅन्डिड पोज द्या’ असे ऐकले की शब्दाची कीव येते.

याच घरातला ‘डिसइन्जेन्युअस’ हा शब्दही शिकून ठेवावा. सर्व काही ठाऊक असताना साळसूदपणे अजाणतेपणाचा आव आणणारा तो डिसइन्जेन्युअस. कोशातली चार ओळींची व्याख्या पाठ करण्यापेक्षा ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही आपली म्हण आठवावी. अर्थ एका क्षणात पटतो.

इंटेग्रिटी : न दुभंगलेला

गणितातला ‘इन्टिजर’ म्हणजे पूर्णांक. त्याच मुळापासून ‘इंटेग्रिटी’ आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ज्याला स्पर्श झाला नाही असा’, अर्थात अखंड. पुलाची इंटेग्रिटी म्हणजे त्याला तडा नसणे. माणसाची इंटेग्रिटी म्हणजे घरातला, कचेरीतला आणि एकांतातला माणूस एकच असणे.

१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत ‘इंटेग्रिटी’ हा शब्द घातला. तेथे राष्ट्राच्या संदर्भात मराठीत ‘एकात्मता’ आहे. सरकारी नोकराच्या गोपनीय अहवालात मात्र त्याच इंग्रजी शब्दासाठी ‘सचोटी’ येतो. मराठीने दोन अर्थ स्वच्छ वेगळे केले, हे चांगलेच. परंतु इंग्रजी शब्द दोहोंतले नाते दाखवतो. राष्ट्र असो वा माणूस, तो आतून दुभंगला की इंटेग्रिटी गेली.

बोलण्यातले आणि कागदावरचे शब्द

‘टू बी ऑनेस्ट’, ‘फ्रँकली स्पीकिंग’ अशी सुरुवात ऐकली की कोणी चेष्टेने विचारतो, मग आतापर्यंत काय खोटे बोलत होतात? हा आक्षेप तितकासा न्याय्य नाही. हे शब्द तेथे सूचनाफलकासारखे असतात; पुढे वळण आहे, धक्का बसेल, सांभाळा, असे ते सांगतात. आपले ‘खरं सांगायचं तर’ हेच काम करते. मात्र फ्रँकली म्हणून काहीही टोचून बोलण्याचा परवाना मिळत नाही. ‘मी बुवा स्पष्टवक्ता’ असे म्हणत दुसऱ्याचे मन दुखावणारे आणि स्वतःविषयी मात्र मौन पाळणारे लोक फ्रँक असतील, कॅन्डिड खचित नाहीत.

खरा कस लागतो तो कागदावर. महाविद्यालयाच्या कार्यालयात आपण ‘बोनाफाईड’ काढायला जातो. ‘बोना फिदे’ म्हणजे सद्भावनेने, शुद्ध हेतूने. शपथपत्राचा ‘अ‍ॅफिडेव्हिट’ही त्याच श्रद्धेच्या, विश्वासाच्या मुळाचा. ‘ट्रू कॉपी’ ही सत्यप्रत. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर ‘हे माझे स्वतःचे मूळ काम आहे’ असे प्रतिज्ञापन असते. यांतल्या कितीतरी कागदांवर आपण वाक्य न वाचता सही ठोकतो. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देण्याला इंग्रजीत ‘प्लेजिअरिझम’ म्हणतात. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ माणसे पळवणारा असा आहे, आणि मार्शल या रोमन कवीने तो आपल्या कविता चोरणाऱ्याला लावला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले, त्यांच्या शीर्षकातच ‘अ‍ॅकॅडेमिक इंटेग्रिटी’ हे शब्द आहेत. त्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण हे मोजमाप शब्दांच्या साम्याचे झाले. संगणकाकडून लिहून घेतलेला प्रकल्प कोणाशीच जुळणार नाही. त्यावरची ‘माझे स्वतःचे काम’ ही सही मात्र तरीही खोटीच राहील. तेथे टक्केवारी कामाची नाही, शब्दाचा अर्थच कामाचा.

विद्यार्थी-मित्रांनी हे शब्द केवळ परीक्षेसाठी पाठ करू नयेत. एखादे वाक्य लिहिताना पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. विधान वस्तुस्थितीला धरून आहे का? तर ट्रुथफुल. कोणाची फसवणूक तर नाही ना? तर ऑनेस्ट. भावना मनातली आहे का? तर सिन्सिअर. मत उघड सांगितले का? तर फ्रँक. स्वतःच्या गैरसोयीचेही सांगितले का? तर कॅन्डिड. आणि हे सगळे सगळीकडे सारखेच पाळले जाते का? तर इंटेग्रिटी.

एकच शब्द हाताशी असला की माणूस त्याच्या आडोशाला सहज उभा राहतो. खोटे बोललो नाही, म्हणजे प्रामाणिक. मनापासून बोललो, म्हणजे प्रामाणिक. तोंडावर बोललो, म्हणजेही प्रामाणिक. शब्द वेगळे ओळखता आले की हा आडोसा राहत नाही. आपण कोणत्या कसोटीला उतरलो आणि कोणती टाळली, हे आपले आपल्यालाच दिसू लागते. परक्या भाषेच्या अभ्यासाचा एवढा लाभ झाला तरी तासाला बसल्याचे सार्थक झाले म्हणायचे.